साडेसहा

नऊ पॉइंट तीनची माझी बंदूक
एकतीस वर्षं लाथा मारत आली, मी खात आलो.
ऑक्टोबरभर उजवा खांदा जांभळा,
आणि शनिवारी सॉनात तो उघडा करून बसायचं
म्हणजे छातीवर पदक लावून बसणं.
आमच्या टोळीत अशी पदकं सगळ्यांनाच होती.

एकाहत्तराव्या वर्षी कायानीच्या डॉक्टरणीनं
खांद्यात स्टीलचा गोळा बसवला.
म्हणाली, होडी वल्हवा, नातवंडं उचला, सरपण जरा जपून.
बंदुकीचं मी विचारलंच नाही.
उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न खिशातच ठेवतो.

मग मे महिन्यात नेमबाजीची परीक्षा,
मूसच्या शिकारीला जायचं तर ती चुकत नाही.
पहिली गोळी खाली. दुसरी त्याहून खाली.
रेइनोनं बंदूक मागितली, पाठ करून भरली,
परत हातात दिली: झाड.

टिक.

आत मेलेलं काडतूस होतं.
ना आवाज, ना धक्का,
आणि तरी नळी वीतभर खाली,
डोळे गच्च मिटलेले.
न आलेल्या माराला मी खांदा चोरला होता,
बारा जणांदेखत.
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सोय
या खेळात नाही.

सोत्कामोच्या दुकानात मिर्क्का बसते,
सव्वीस वर्षांची, कानाला पेन्सिल.
तिनं पावतीच्या मागे हिशेब मांडला:
बंदुकीचं वजन, गोळीचं वजन, दारूचं वजन.
जड बंदूक कमी लाथ मारते,
पण दलदलीतून सहा किलोमीटर तिला वाहणार कोण, ओइवा?
नळीच्या तोंडाला ब्रेक लावता येतो,
पण आवाज सगळा मागे येतो,
आणि माझ्या कानातलं यंत्र आधीच कुरकुरतं.
शेवटी तिनं एका आकड्याभोवती गोल काढला.
साडेसहा.
लांब, सडपातळ गोळी. धक्का निम्म्याहून कमी.

मूसला पुरेल?
मूसला जागा कळते, ती म्हणाली, आकडा कळत नाही.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं,
माझ्याच स्वयंपाकघरात.
हेल्वी साडेसहाच वापरायची.
मी तिला शिवणयंत्र म्हणायचो, चारचौघांत,
आणि तिचे मूस मोजायला विसरायचो.

मिर्क्कानं पैशांचं काहीच काढलं नाही.
एवढंच विचारलं, घरी कपाटात काय आहे?

सात वर्षं तिथंच उभी होती.
परवाना माझ्या नावावर केला होता,
कपाटाबाहेर मात्र काढली नव्हती.
दस्ता तिच्या हाताच्या मापानं
दोन बोटं कापून घेतलेला.
मला आखूड होणार, हे धरूनच चाललो होतो.
झाला नाही.
मीही कुठूनतरी दोन बोटं कापला गेलोय.

दुर्बिणीत पाहिलं तर सगळं धूसर:
वाळूचा खड्डा, पाइन, नेमाची फुली.
ते तिच्या डोळ्याला लावलेलं होतं.
कडं फिरवायच्या आधी
पेन्सिलीनं तिची खूण करून ठेवली,
कुणाला लागणार आहे कोण जाणे.

पाच गोळ्या.
पाच टाके, एका तळहाताखाली झाकतील असे.
संध्याकाळी कॉफीचा कप उजव्या हातानं उचलला
आणि उचलला हे नंतर लक्षात आलं.

रविवारी रेइनोला म्हटलं,
ते मेलेलं काडतूस पुन्हा घाल, मला कळू न देता.
त्यानं घातलं.
टिक.
नळी अजून बोटभर झुकते.
ते बोटभर कुठल्या आकड्यानं जाईल,
मिर्क्काला मी विचारलेलं नाही.