मिरजेला तीन गेज होते तेव्हा

जेवणं झाली, ताटं उचलली
आणि टेबलावर मी कागद मांडले,
तीन ढीग करून.
अप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, वाच.

पहिला ढीग, रोडेलनं इकडं यायचं.
एन्ट्री व्हिसा, मग विश्रामबागला एसपी ऑफिसात नोंदणी,
घरमालकाचं पत्र,
घरमालक म्हणजे अप्पाच.
ओसीआयचा अर्ज दोन वर्षांनी.
तोवर मस्कतच्या आयसीयूत
बारा वर्षं रात्रपाळी केलेला माणूस
आमच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलणार.

दुसरा, मी तिकडं जायचं, इलोइलोला.
पोलीस दाखला, छातीचा एक्स-रे.
जन्मदाखल्यात मी शालोमी, पासपोर्टात सलोमी,
तेवढ्यासाठी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं
की मी ती मीच.
तिथं माझं लायसन चालत नाही.
लसूण तिथंही असतोच.

तिसरा ढीग सगळ्यात जाड.
दोघांनी जर्मनीला.
आधी भाषा, मग परीक्षा, मग एकानं जायचं,
भाड्याचं घर दाखवायचं, पगार दाखवायचा,
आणि दुसऱ्याला बोलवायचं.
आधी कुणी, यावरून दोन रविवार
आम्ही फोनवर भांडलो,
इंग्रजीत, जी दोघांचीही नाही.

आतून आई म्हणाली,
त्याला भात लागतो ना तिन्ही वेळा?
इथं मिळतो म्हणावं.

अप्पा पॉइंट्समन होते, चौतीस वर्षं.
व्हिसा त्यांना कळत नाही, रूळ कळतात.
म्हणाले, मिरजेला तेव्हा तीन गेज होते.
मोठी पुण्याची, मधली बेळगावची,
छोटी कुर्डुवाडीची, पळत जाऊन पकडता यायची.
एकीचा डबा दुसरीच्या रुळावर कसा जाणार?
माणूसच उतरायचा.
ट्रंक डोक्यावर, पोर कडेवर,
रात्री दोनला पूल चढून पलीकडच्या फलाटावर.
गुळाच्या ढेपासुद्धा हमाल अंधारात
या वाघिणीतून त्या वाघिणीत टाकायचे.
दोन-चार फुटायच्याच.

मग?

मग काय. फुटलेल्याला मुंग्या लागायच्या.
बाकीचा पोचायचा.

तिन्ही ढिगांत एक कागद सारखाच आहे,
नातं खरं असल्याचा पुरावा.
लग्नाचे फोटो, नातेवाईक दिसतील असे.
त्याची रजा चाळीस दिवसांची होती,
त्यातले तीस आमची नावं
रजिस्ट्रारच्या नोटीस बोर्डावर काचेआड होती,
आणि विड्याचं तोंड पुसत कुणीतरी
रोज विचारायचं, ही कुणाची पोरगी?
उरले दहा.
त्यातला एक सह्यांत गेला, एक विमानतळावर.
फोटोत तो सगळीकडं हसतोय.
मी दोनदाच.

जो पुरावा आहे तो जोडता येत नाही.
मराठी त्याला एकच वाक्य येतं,
वॉर्डातल्या सोलापूरच्या ड्रायव्हरकडून शिकलेलं.
रात्रपाळीच्या सुट्टीत फोन करतो
आणि मला विचारतो, जेवलास का?
सात वर्षं झाली.
मी सुधारलं नाही.

पंखा चालू होता. आईनं येऊन
पहिल्या ढिगावर लसणाची परडी ठेवली.
उडतील म्हणाली.
बाकीचे दोन उडाले तरी
तिला चालणार होतं.

अप्पा उठले. दारात थांबले.
गाडी कुठली ते मागनं बघा, म्हणाले,
आधी उतरणार कोण, तेवढं ठरवा.

कुठलीतरी मालगाडी न थांबता गेली.
आता सगळं ब्रॉडगेज.
खिडकीची काच थोडा वेळ वाजत राहिली.

दीडला फोन आला.
हिरवा गाऊन, कपाळावर मास्कचा वळ,
मागं कुणाचं तरी मॉनिटर बीप बीप करतंय.
जेवलास का?

कोल्हापूरच्या माझ्या आत्या
म्हणतातच की आलो, गेलो.
आम्ही शाळेत त्यांना हसायचो.

जेवलो, मी म्हटलं.