पंधरावी

फोन आला तेव्हा मी जर्सी वाळत घालत होते, आठ नंबरची.
चिखल निघाला होता. गवताचा हिरवा डाग नाही.
फिनूला म्हणाली, रविवारी चौदाच आहोत.
कीलिनच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं,
मोलॉयची धाकटी पर्थला गेली, परतीचं तिकीट न काढता.
तू नुसती उभी राहा गं, नावापुरती.

नावापुरती.
शेवटची खेळले तेव्हा ओवन पोटात होता
आणि मला ते ठाऊकही नव्हतं.
आता तो माझे बूट माळ्यावरून काढून देतो,
आत कोळ्याचं घर, ते बोटाने पुसतो.

पैसे? लीट्रिममध्ये कुणी विचारतसुद्धा नाही.
डिंफ्ना स्लायगोच्या इस्पितळातून रात्रपाळी उरकून येते,
गाडीतच अर्धा तास झोपते, तोंड उघडं टाकून.
ऊना गाई पिळून येते. तिचा वास आम्हाला आवडतो.
पेट्रोल, पट्ट्या, विमा, सगळी पदरमोड.
मोठं मैदान पुरुषांच्या सरावाला.
आम्ही मागच्या तुकड्यात, दोन दिव्यांखाली;
तिसरा पुढच्या महिन्यात लागणार आहे,
गेली चार वर्षं.

मला डावा कोपरा दिला. पंधरा नंबर.
अंगाला अंग लावून उभी एक पोर, शेजारच्या पॅरिशची,
वेणी इतकी घट्ट की भुवया वर गेलेल्या.
म्हणाली, "हॅलो मिस."
हिला मी पाढे शिकवलेत. तीन एके तीन.
तीनच्या पुढे गाडी अडायची हिची.

आज अडत नव्हती. तीनदा चेंडू काढून नेला माझ्यासमोरून,
दरवेळी हळूच "सॉरी मिस".

शेवटचं मिनिट. आमचे दोन गोल, नऊ गुण.
त्यांचा एक गोल, बारा गुण.
गोलाचे तीन धरून बेरीज करा:
पंधरा, पंधरा.
चेंडू घसरत आला तो नेमका माझ्या पायाशी.
पुरुषांना तो आधी बुटाने उचलावा लागतो,
आम्हाला थेट हाताने चालतो. सवलत म्हणतात तिला.
जमिनीवर पडलेलं हाताने उचलायची
मला वेगळी सवलत कशाला हवी होती?

उचलला. चार पावलं.
बोटांवर सोडला, आणि तो परत हातात आला,
सोळा वर्षांनी, रागावला नव्हता.
समोर दोन खांब, आडवी दांडी, मागे कुणाच्यातरी मेंढ्या.
मारला.

पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन्ही हात पसरले.
बाहेर. मेंढ्या पांगल्या.
भोंगा झाला.

बरोबरी म्हणजे पुन्हा सामना,
आणि कीलिनचा गुडघा काही आठवड्यात बरा होत नाही.
गुडघ्यांवर हात टेकून मी श्वास शोधत होते
तेव्हा ती पोर पाण्याची बाटली घेऊन आली.
"पुढच्या रविवारी याल ना, मिस?"
मी म्हटलं, तीन सत्ते?
ती थांबली. बोटं मोजायला लागली.