कडी

पप्पांची रोज झडती व्हायची, दादा,
प्रेसच्या गेटवर.
हात वर, खिसे बाहेर, डबा उघडून दाखवायचा.
दिवसभर नोटा छापणाऱ्या माणसानं
रोज संध्याकाळी सिद्ध करायचं
की आपण एकही घरी नेत नाहीये.
मग घरी येऊन ते
तुझं दप्तर पालथं घालायचे.
पेपर कुठाय. किती पडले. हा नंबर कोणाचा.
तू हात वर करायचा नाहीस, एवढंच.

भांडण निघायचं भाजीतल्या मिठावरून,
तिथून सिन्नरच्या प्लॉटवर जायचं,
कोणी विकायला लावला, कोणाच्या भावानं गिऱ्हाईक आणलं,
आणि न हाकता घरी येणाऱ्या म्हशीसारखं
बरोब्बर तुझ्या फिजिक्सपाशी येऊन थांबायचं.
प्लॉट कॉलेजरोडच्या क्लासात गेला होता.
म्हणजे तू रोज जेवायला बसायचास
तो त्या दीड गुंठ्यावरच.
आई अशा वेळी मशीन जोरात चालवायची,
फॉल लावायला साडी नसली तरी.

तू गेलास त्या रात्री मी जागी होते.
हे मी कोणालाच सांगितलेलं नाही,
ती पोलीसबाई इतकी गोड बोलत होती तरी.
जानेवारी. फरशी बर्फ.
तू चपला हातात घेऊन टाचांवर चालत होतास.
माझ्या डब्यातले तीनशे चाळीस घेतलेस,
वीस ठेवलेस.
का ठेवलेस वीस?
कडी वाजली. तू थांबलास, माझ्याकडे बघितलंस.
मी डोळे मिटून
झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो
ते आठवत पडून राहिले.
मला वाटलं, बिटको चौकापर्यंत जाशील,
चहा पिशील,
येशील.

पप्पा चार महिने ड्युटी सुटली की स्टेशनवर.
जनरलच्या खिडक्यांतून डोकावत.
एक हमाल त्यांना म्हणाला,
इथून जाणारी जातात, पण उतरणारीही असतात, साहेब,
तुमच्यासारख्याच कोणाची तरी.
मग एकदा भुसावळचा एक मुलगा घरी आणला त्यांनी.
बारा वर्षांचा असेल. कोपर सोललेलं.
त्याला ताटात वाढलं, तुझा स्वेटर दिला,
आणि एकही प्रश्न विचारला नाही.
एकही.
तो खाली मान घालून पाच भाकरी जेवला.
सकाळी संस्थेची माणसं येऊन त्याला घेऊन गेली,
आणि मी दिवसभर पप्पांशी बोलले नाही.
का, ते त्यांना कळलं नाही.
किंवा कळलं.

आता तुझं टेबल माझं आहे.
लाकडावर तू कंपासनं कोरलेली आगगाडी
मी वहीखाली झाकून ठेवते.
पप्पा माझं दप्तर तपासत नाहीत,
नुसते दारात उभे राहून त्याच्याकडे बघतात.
त्यानं ते जास्त जड होतं.
मावशी म्हणते, आता तूच एक राहिलीस गं.
दोघांचे मार्क
मला एकटीला पाडायचेत.

आणि कडी.
आई तेव्हापासून रात्री कडी लावत नाही.
एकच्या सुमाराला पप्पा उठून लावतात.
तीनला आई उठते, काढते.
सकाळी दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत,
चहात साखर कमी म्हणून भांडतात.
दार तुझ्यासाठी उघडं आहे, दादा,
पण त्याला कुठे माहीत
कोण आत येणार आणि कोण बाहेर.

काल तीननंतर मी उठले.
चपला हातात घेऊन बघितल्या.
उंबऱ्यापर्यंत सहा पावलं होतात,
तुझी चारच झाली असतील.
अंधारातून आई म्हणाली,
पाणी प्यायला उठलीस ना?
तिचा आवाज अजिबात झोपेतला नव्हता.
मी हो म्हणाले.
चपला हळूच खाली ठेवल्या,
आणि तहान नसताना
माठातलं गारढोण पाणी
दोन पेले प्यायले,
तिला ऐकू जाईल असं.