शेऱ्याचा रकाना

दर डिसेंबरात वॉर्साहून तक्ता येतो.
यंदाही आला, सात रकान्यांचा.
थराचं नाव, खोली, जाडी, राख किती, गंधक किती,
आणि सहाव्यात तो शब्द: काढण्याजोगा.
सातवा शेऱ्याचा. तो सहसा कोणी भरत नाही.

मी वूत्सिया कांजा, खाणमोजणी खातं, दुसरा मजला.

जगात म्हणे एक लाख कोटी टन आहे अजून.
अमेरिकेत सगळ्यात जास्त, मग रशिया, ऑस्ट्रेलिया, चीन.
ऐकताना माणूस मान डोलावतो,
परक्याच्या श्रीमंतीवर डोलवावी तशी.
कोणी खाली उतरून मोजलेलं नसतं ते.
इथं तिथं चार भोकं पाडायची
आणि मधल्या अंधाराला सरळ रेषेनं जोडायचं.
मला माहीत आहे. मी जोडते.
आकडाही उगाळावा तितका काळाच.

साठा वेगळा, काढण्याजोगा साठा वेगळा.
आधी सगळं धरायचं, मग वजा करत जायचं.
हातभर जाडीचे थर वजा.
पाणी भरलेला जुना भाग वजा.
मग चर्चखालचा खांब,
कोळशाचाच, मुद्दाम सोडलेला,
चारशे मीटर लांब, तीनशे रुंद.
त्याच्यावर घंटाघर, पाद्रीबाबांची सफरचंदं
आणि रविवारचे सगळे टेकलेले गुडघे.
काढला तर चमकदार निघेल, राख जेमतेम सहा टक्के.
आणि चर्च जाईल,
पीत्लिकच्या बेकरीची मागची भिंत गेली तसं,
भट्टीतल्या पावांसकट.

आमच्या गल्लीत कुणाचंच मेज सपाट नाही.
एका पायाखाली घडी घातलेला कागद असतो,
सूप ताटलीत एका अंगाला जमतं.
मुलं शाळेत काटकोन काढायला शिकतात
तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं
की आपलं घर चुकलेलं आहे.

चौदावा विभाग.
आग लागली तेव्हा मी नऊ वर्षांची.
तीन दिवस थांबले, मग भिंत बांधली,
हवा तोडायला. तसंच करतात. दुसरा उपाय नसतो.
भिंतीमागे दोन लाख दहा हजार टन,
आणि योआखिम, आणि लुब्लिनकडचा कोणी एक, नवा,
ज्याचं नाव आमच्यापैकी कोणाला नीट उच्चारता येईना,
आणि माझे वडील.
तक्त्यात: काढण्याजोगा नाही.
माझ्या आधीच्या साहेबांनी लिहिलेलं, निळ्या शाईत.
मी दर वर्षी तेच उतरवते.
अक्षर आता माझं झालं आहे.

चार तारखेला पहाटे संत बार्बराचा बँड वाजत गेला.
टोप्यांवर पिसं, काळी कामगारांची, पांढरी साहेबांची,
लाल वाजवणाऱ्यांची.
वाजवणाऱ्यांत निम्मे असे, जे कधी खाली उतरलेच नाहीत.
तरी सूर बरा होता. थंडीत पितळ जरा चढतं, एवढंच.

आई ब्याऐंशीची.
पूर्वी कंपनी दारात गाडीभर कोळसा ओतायची,
विधवांच्याही. रात्रभर फावडी वाजायची तळघरांतून.
आता पोत्यातून येतो, आणि पोत्यावर छापलेलं असतं, कोलंबिया.
सातशे मीटर कोळशावर बसून
आम्ही समुद्रापलीकडचा जाळतो.
आई चुलीपाशी कान देते. म्हणते,
हा आपला नव्हे. हा लवकर बोलतो नि लवकर गप्प होतो.

काल तिनं विचारलं, अजून किती आहे गं?
म्हटलं, अकरा पोती. मार्च निघेल.
ती म्हणाली, तळघरातलं नाही विचारत.
आणि चिमट्यानं जमिनीकडे दाखवलं.

चहा गार झाला. कबुतरं छपरावर परतली,
शेजारच्या एर्विननं शीळ घालून मोजली,
एक कमी होतं, त्यानं पुन्हा मोजली.

आज सातव्या रकान्यात मी लिहिलं:
चौदावा विभाग. घरून अजून विचारणा होते.

वॉर्साला कळणार नाही.
कळलं तर फोन येईल,
आणि मी सांगेन, टंकदोष.