बूट चावतो

मोसम संपला की टेबलावर कोणी नसतं.
मी टॉवेल धुतो, गच्चीवर वाळत घालतो
आणि खाली, त्र्यंबक रोडवरच्या टायरच्या दुकानावर
आमच्या ऑफिसात फोन वाजत राहतो.

सानप साहेब हळू बोलतात.
हळू बोलले की समजायचं, आकडा मोठा आहे.
घोटीच्या बाजारात वडील रुमालाखाली बोटं धरायचे,
दोन बोटं म्हणजे दोनशे,
दुमडलेलं बोट म्हणजे वर पन्नास.
बैल तिकडे तोंड करून रवंथ करायचा.

बिट्टू थेटे, मोहाडीचा.
एका मोसमात चढाईचे एकशे एक्क्याण्णव गुण.
त्याला करार हवा तीन वर्षांचा.
साहेब म्हणतात, एक वर्ष; पुढचं पुढे.
कोल्हापूरवाले म्हणतात, तीन देतो आम्ही,
बदल्यात आमची दोन पोरं घ्या, वर अकरा लाख.

साहेबांनी पाकिटाच्या पाठीवर मांडलं:
इकडे बिट्टू,
तिकडे शिकलगार, केसरकर आणि अकरा.
चहा ठेवताना मी वाचलं. हिशोब जुळत होता.
गुडघा कुठेच लिहिलेला नव्हता.

डावा गुडघा.
डोळे मिटून सांगेन मी, माझ्या अंगठ्याला पाठ आहे.
वाटीच्या आतल्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं
काहीतरी सरकतं.
निफाडचा पारा चारवर आला की बिट्टू
जिना आडवा उतरतो,
म्हणतो, बूट चावतो, मामा.
मी म्हणतो, बूट बदल.
दोन वर्षं आम्ही दोघं त्या बुटालाच बोल लावतोय.

शनिवारी रात्री आला. दिवा लावू दिला नाही.
उद्या त्यांचा डॉक्टर येतोय, म्हणाला.
मी करंजाचं तेल कढवलं, त्यात लसूण टाकला.
तुला विचारलं तर?
मी अंगठा फिरवत राहिलो.
तीन वर्षं, मामा. तीन वर्षांनी मी चौतिशीत.
मग कोण करतंय फोन?
तेलाचा वास खोलीभर झाला.
दाणा सरकला. दोघांनाही कळलं.

रात्रभर दोन वाक्यं घोकत बसलो,
एक खरं, एक बिट्टूच्या कामाचं.
सकाळपर्यंत दोन्ही तोंडात इतकी रुळली
की आधी कुठलं बाहेर पडेल, सांगता येईना.

डॉक्टर तरुण होता. मशीन घेऊन आला.
गुडघ्यावर गार जेल, पडद्यावर राखाडी धुकं,
साहेब खिडकीत, पाठमोरे.
मी दारात, खांद्यावर टॉवेल.
बावीस वर्षं झाली मला या दारात.
त्याने मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं.
घसा कोरडा पडला.
मामा, म्हणाला,
हात पुसायला काही मिळेल का?

दिला टॉवेल.

एवढंच विचारलं त्याने.
दुपारी सह्या झाल्या. साहेबांनी पेढे मागवले,
मला दोन दिले, एक घरी न्यायला.
मी दोन्ही तिथेच खाल्ले.

मंगळवारी बिट्टू गेला.
बॅगा मोठ्या, बोलणं थोडं.
जुने बूट टेबलाखाली ठेवून गेला. विसरला म्हणावं,
तर नाड्या नीट बांधलेल्या होत्या.
रात्री आत हात घालून पाहिलं,
टाचेला, बोटांना, शिवणीला.
लोण्यासारखं मऊ. कुठेच काही चावत नव्हतं.

आठवड्याने दोघं पोरं आली.
शिकलगारला गुदगुल्या होतात, पोटरीला हात लागला की हसतो.
केसरकर हसत नाही. पालथा पडून विचारतो,
मामा, अकरा लाख आमच्यासोबत वर का दिले?
आम्ही दोघं मिळून कमी पडलो का?
मी म्हटलं, श्वास सोड. पाय ढिला सोड.

जाताना त्याला बूट दिसले. कुणाचे?
पडलेत, म्हटलं.
नऊ नंबर. बसले त्याला.

जिन्यापर्यंत गेलो त्याच्या मागे,
टॉवेल झटकायचं निमित्त करून.
सरळ उतरत होता. एकेक पायरी सोडून.
खाली पोचेपर्यंत मी
त्याचा डावा पायच बघत होतो.