तुपातली

योकमोकच्या तपासणीत व्हॉल्व्हो नापास.
पेट्रोल जास्त, धूर काळा.
बूच काढते. खोल अरुंद भोकात
तीन मिलिमीटरची चावी चाचपडत
स्क्रू शोधते.
डावीकडे, फेऱ्याचा आठवा भाग.
चावी बाहेर, मगच रेस.
एवढं एकच बाबांनी ओरडून शिकवलेलं.

उणे पस्तिसात एका हाकेला उठावी
म्हणून त्यांनी ती कायम तुपातली ठेवली.
मंगळवार, शुक्रवार. आईचं डायलिसिस.
येल्लिवारे, नव्वद किलोमीटर.

अजून एक आठवा भाग.
घोगरेपणा सुटतो.
तळ्यापर्यंत फिरवून आणते:
प्लगवरची काजळी जळून बिस्किटी रंग.
गॅरेजला आता कसलाच वास नाही.

उसना मीटर म्हणतो पास,
वर थोडी जागाही शिल्लक.
तेवढी, केसभर,
पुन्हा उजवीकडे वळवते
आणि बूच ठोकते.