चाळणबोट

वैशाखात धरणाचं पाणी तळाला गेलं
आणि शेलगाव बेटाच्या खालच्या अंगाला
जिथं गोदावरी कोपर मोडून वळते, तिथं
ती दिसायला लागली.
आधी शिडीचं टोक, मग साखळी,
मग एका कुशीवर कललेला सगळा सांगाडा.

मला टेप देऊन पाठवलं.
पाटबंधारे उपविभाग, नांदेड:
"भंगार साहित्याचे मोजमाप घेऊन
लिलावपूर्व पंचनामा सादर करावा."
पंच म्हणून नागोराव भोई, त्याचा कलिंगडांचा वाफा शेजारीच,
आणि मालनबी झारेकरीण,
जिला कुणीच बोलावलं नव्हतं.

लांबी सत्तावीस मीटर, गाळात रुतलेली सोडून.
रुंदी नऊ.
साखळीला डोल अकरा.
"चौतीस होते," मालनबी म्हणाली.

उरलेले गावात निघाले.
एकात पोशट्टीची म्हैस पाणी पिते.
एक लोहाराच्या भात्यापाशी, विझवणीचा.
एक शाळेच्या लिंबाला टांगलाय,
दहाच्या ठोक्याला अजून वाजतो,
आणि त्याचा आवाज असा, की पोरांचे दात आंबतात.
बाकीच्यांचं नागोरावनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

निजामाच्या वेळची म्हणे.
हैदराबादचा कुणी सेठ, कुणी गोरा इंजिनिअर,
आणि एक अफवा, की पुरासोबत सोनं वाहत येतं.
बोट कुठं जायची नाही.
पुढून नदी खायची, मागून गोटे ओकायची,
स्वतःचा डोह स्वतःबरोबर ओढत
दिवसाला दोन हात सरकायची.
तिच्या ओकारीचे ढीग अजून आहेत,
वर वेड्या बाभळी, पलीकडं कबरस्तान.
पोरं त्यांना डोंगर म्हणतात.
या भागात डोंगर म्हणायला दुसरं काही नाही.

इंजिनघराच्या पत्र्यावर
कुणीतरी, बहुतेक मिस्त्रीनं, खिळ्यानं हिशेब कोरलाय.
आकडे उर्दूतले. मालनबी बोट फिरवत वाचत गेली:
चार मासे.
अडीच मासे.
सहा गुंजा.
मग नुसत्या रेघा, पुष्कळ.
मग एक पक्षी, लहान पोरं काढतात तसा, पायांशिवाय.

"माझी नानी हिच्या मागं उभी राहायची,
कंबरेइतक्या पाण्यात, लाकडी परात घेऊन.
ही सांडायची, नानी वेचायची.
हिच्यापेक्षा नानीला जास्त घावायचं."
का, म्हटलं.
"मशीनला घाई होती, साहेब.
सोनं घाईत बुडाला बसत नसतंय."

ती स्वतः आता सराफ्यातली नाली धुते.
दिवाळीनंतरचा गाळ बरा असतो, म्हणाली,
लग्नसराईतला त्याहून बरा.

मग तिनं माझ्या डब्याचं झाकण मागितलं.
सातव्या डोलाच्या ओठाखालून मूठभर वाळू खरवडली,
गुडघाभर पाण्यात बसली
आणि झाकण फिरवायला लागली.
इतकं हळू, की नागोरावची बिडी संपली,
दुसरी पेटली,
टेपचं टोक माझ्या हातून सुटून गाळात गेलं.
पांढरी वाळू गेली. लाल गेली.
काळी राहिली, सुरम्यासारखी.
तिनं करंगळीचं नख टेकवलं, माझ्यासमोर धरलं.
"दिसलालंय का?"
मी चष्मा काढला, पुसला, घातला.
मला नखच दिसलं.
"हाय," ती म्हणाली, आणि करंगळी
पदराच्या गाठीत खुपसून गाठ आवळली.

रकाना नऊ: मौल्यवान वस्तू आढळल्यास तपशील.
मी लिहिलं, निरंक.
नागोरावचा अंगठा. मालनबीची सही, उजवीकडून डावीकडं,
शेवटचा नुक्ता तिनं दोनदा दिला.
भंगाराचा दर त्या दिवशी किलोला एकतीस होता.

रात्री बायकोनं झाकण घासलं,
पुन्हा घासलं, दिव्याखाली धरलं.
कडेच्या वळात काहीतरी बसलंय, म्हणाली,
निघतच नाही.
असू दे, म्हटलं.